डिंभ्याच्या काठाने आहुप्यापर्यंत

मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात फिरायला फारसं कोणी जात नाही. गेलंच तर महिनाअखेरीस, काजवे बघायला. आम्ही मुद्दाम मेच्या मध्यावर गेलो, कारण डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांत कामाची खरी गडबड तेव्हाच असते. अंगणात बाळहिरडा म्हणजे हिरड्याची कोवळी फळं वाळत असतात, पडकईचे म्हणजे डोंगरउतारावरच्या भातखाचरांचे बांध पावसाआधी पुरे करायचे असतात, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे असतात आणि डोंगरावर रोपांसाठी खड्डे खणून ठेवायचे असतात. पाणी पार खाली गेल्यामुळे तलावाचं पोटही उघडं पडलेलं असतं. बरोबर धाकटी बहीण होती आणि पुण्यात शेतीचं शिक्षण घेणारा तिचा मुलगा. तलावाभोवतीचं रान परत उभं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि त्यात तिथल्या शेतकऱ्याचं काय, एवढं डोळ्यांनी बघून यायचं होतं.

शुक्रवार: मंचर, घोडेगाव, डिंभे

चाकणची गर्दी सोडली तर नाशिक रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मंचरला मासवडी खाल्ली. तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण बेसनाच्या पारीत गुंडाळलेलं, वर झणझणीत रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. या भागात येऊन मासवडी न खाता पुढे जाऊ नये.

मंचरहून डावीकडे वळलं की घोडेगावपर्यंत दुतर्फा बागायत दिसते. कांद्याच्या अरणी, उभा ऊस. डिंभ्याची भिंत ओलांडली की ते सगळं एकाएकी संपतं. डोंगर करड्या-तपकिरी रंगाचे, मधे कुठेतरी हिरड्या-आंब्याचा हिरवा ठिपका, खाली लाल मातीचा रुंद पट्टा आणि त्याच्याही खाली पाणी.

हे धरण घोड नदीवर आहे. साडेतेरा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. डाव्या कालव्याने पाणी येडगावला जातं आणि तिथून पुढे शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोचतं. जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याच ट्रकखाली त्यांचा जीव गेला. भिंतीवर उभं राहून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मुलांना हे नाव सांगावं असं मला फार वाटतं.

‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे रोज जगावी लागते. मेमध्ये काठावरच्या वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन झऱ्यावर जातात. तलाव समोर दिसत असतो, पण तो खोल खाली आणि त्याच्या काठाला गुडघाभर गाळ.

मुक्काम काठावरच्या एका वाडीत, महादेव कोळी कुटुंबाच्या घरी होता. घरच्या मावशींनी आल्या आल्या तांब्याभर पाणी आणि करवंदांची पाटी पुढे ठेवली. संध्याकाळी त्यांचा मुलगा जाळी टाकायला निघाला, तर भाचाही त्याच्याबरोबर गेला. इथली जमीन पाण्याखाली गेल्यावर बराच काळ तलावातल्या मासळीवरही बाहेरच्यांचाच हक्क होता. पुढे शाश्वत संस्थेच्या आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या साथीने लोकांनी तो हक्क मागून घेतला आणि विस्थापित आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. ‘शाश्वत’च्या या भागातल्या कामाला 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुण्यात हे नाव माहीत असलेली माणसं कमी भेटतात, याचं वाईट वाटतं.

जाळ्यात रोहू आणि कटला होते, पण जास्त भरणा चिलापीचा. ही चिलापी बाहेरून आलेली आणि झपाट्याने वाढणारी. तिच्यामुळे नदीतली जुनी मासळी दिसेनाशी झाली, असं दादा सांगत होता. पाऊस सुरू झाला की मासे अंडी घालतात, त्या दिवसांत जाळी टाकायची नाहीत आणि बारीक छिद्रांचं जाळं एरवीही वापरायचं नाही, हे त्यांच्यात ठरलेलं आहे. "बारकी आज धरली तर दिवाळीला काय धरू?" एवढंच म्हणून तो जाळं झटकायला लागला.

रात्री कैरी घातलेलं माशाचं कालवण आणि इंद्रायणीचा भात. इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिला. आंबेमोहोराचं रक्त असल्याने शिजताना घरभर वास सुटतो.

जाणाऱ्यांसाठी: डिंभ्याच्या पुढे मोबाइलला रेंज येते-जाते, एटीएम नाही. रोख पैसे आणि औषधं घोडेगावातच घ्या. तलावात उतरू नका. वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो आणि पाय रुततो तो निघत नाही.

शनिवार: जुनं आंबेगाव, पडकई आणि हिरड्याचं अंगण

भल्या पहाटे घरच्या आजोबांबरोबर खाली उतरलो. पाणी ओसरलं की जुन्या आंबेगावचे अवशेष वर येतात. देवळाचं दगडी काम, घरांची जोती, कुठे एखाद्या उंबऱ्याचा घासून गुळगुळीत झालेला दगड. तालुक्याला नाव आंबेगावचं, कचेरी घोडेगावात आणि गाव मात्र पाण्यात. एकेकाळी ही घाटवाटेवरची मोठी बाजारपेठ होती. कोकणातून मीठ-मासळी वर यायची, इथून धान्य आणि हिरडा खाली जायचा. आजोबांनी एका जोत्यावर काठी टेकून तिथे कोणतं दुकान होतं ते सांगितलं, मग पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या. आम्ही नुसतं ऐकत होतो.

उघड्या पडलेल्या पट्ट्यात गाळपेर करतात. हिवाळ्यात पाणी उतरायला लागलं की ओलीवर हरभरा, गहू, वाल पेरतात. ना पाणी द्यावं लागतं ना खत. आम्ही गेलो तेव्हा वेलांवर थोड्या काकड्या उरल्या होत्या. आजोबांनी मूठभर गाळ उचलून भाच्याच्या हातावर ठेवला. काळसर, मऊ, एकही खडा नाही. "ही वरची माती. आमच्याच वावरातली."

त्या एका वाक्यात मला या भागाचं सगळं दुखणं कळलं. घाटमाथ्याला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. उताराला झाड नसेल, बांध नसेल तर माती ओढ्यातून घोड नदीत आणि नदीतून धरणात. शेतकऱ्याचं वावर खडकाला लागतं आणि तलावाची खोली कमी होते. श्रीगोंद्याच्या ऊसवाल्याचं पाणीसुद्धा या डोंगरावरच्या मातीवर टिकून आहे. वर राबणाऱ्याला मात्र त्याचा मोबदला कोणी देत नाही. हे बदलायला हवं.

सातच्या सुमाराला पडकईवर पोचलो. पडकई म्हणजे डोंगरउतारावर दगडी बांध घालून भाताचं खाचर तयार करायचं. आठ-दहा घरं एकत्र येतात, आज एकाच्या उतारावर, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, ज्याचं काम त्याच्याकडे जेवण. हिवाळ्यातली कापणी-मळणी उरकली की हे सुरू होतं ते पावसाच्या तोंडापर्यंत चालतं.

बांध कसा उभा राहतो ते मी अगदी जवळ बसून पाहिलं. आधी उताराला आडवी, समपातळीत दोरी धरतात. त्या रेषेवर कठीण तळ लागेपर्यंत पाया खणतात. सगळ्यात मोठे धोंडे खाली, पहारीने लोटत आणून बसवलेले. प्रत्येक दगडाचं तोंड किंचित आत, डोंगराकडे कललेलं. एक वयस्कर काका फक्त दगड निवडत होते. दगड हातात घेऊन दोनदा फिरवायचे, बसवायचे, वर पाय देऊन डुगडुगतो का पाहायचे आणि डुगडुगला तर फटीत बारीक चिप ठोकायचे. चुना नाही, सिमेंट नाही. मी विचारलं तर म्हणाले, "सिमेंट घातलं तर पाणी तुंबतं बाई, अन् तुंबलं की बांध ढकलतं. ह्यातून ते झिरपत जातं." बांध कमरेएवढा झाला की वरच्या अंगाची माती खणून मागे भरतात. वरचा सुपीक थर आधी बाजूला काढून ठेवतात आणि सगळ्यात शेवटी पसरतात. एका कोपऱ्याला जादा पाण्यासाठी सांडवा. पहिली एक-दोन वर्षं नाचणी घेतात, माती बसली की भात.

भाच्याने पहार घेतली, आम्ही दोघी घमेली वाहत होतो. उतारावरचं एक हिरड्याचं आणि दोन आंब्याची झाडं बांधाच्या रेषेत येत होती. रेषा वळवली, झाडं ठेवली. कोणी त्याची चर्चासुद्धा केली नाही.

अकराला ऊन तापलं आणि काम थांबलं. जेवायला नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, हुलग्याचं माडगं आणि कांदा. खुरासणी म्हणजे कारळे. इथे पिवळ्या फुलांची ही शेतं पावसाच्या शेवटी डोंगरभर असतात. भाजलेल्या खुरासणीत लसूण आणि लाल मिरची कुटून केलेली ती चटणी मी पुण्याला आणली आहे आणि पुरवून पुरवून खाते आहे.

दुपारी मावशींच्या अंगणात हिरडा. फळ कोवळं असताना, आतली आठळी कठीण व्हायच्या आधी काढायचं आणि उन्हात वाळवायचं. हिरवं, सुरकुतत जाणारं फळ काही दिवसांत काळं आणि टणटणीत होतं. हा बाळहिरडा. पिकलेल्या मोठ्या हिरड्यापेक्षा याला भाव जास्त, कारण औषधांच्या कारखान्यांत तोच लागतो. ओला राहिला तर बुरशी येते, म्हणून संध्याकाळी आभाळ आलं की अख्खं घर धावत सुटतं. मावशी हातात घेऊन वाजवून बघतात. खुळखुळला तर वाळला.

आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी घरांत वर्षाचं रोख उत्पन्न मुख्यतः यातूनच येतं. पोरांची फी, लग्न, दवाखाना, सगळं हिरड्यावर. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा हिरड्याचं प्रचंड नुकसान झालं. झाडाला पीक मानायचं की नाही या प्रश्नावर भरपाई अडली आणि त्यासाठी लोकांना दीर्घ लढा द्यावा लागला. मावशींच्या घरची दोन जुनी झाडं तेव्हा मुळासकट उपटली गेली. त्या जागी त्यांनी लावलेली रोपं आता माझ्या खांद्याला लागतात, फळ धरायला अजून अवकाश आहे.

या डोंगरांवर वावराच्या बांधावर आणि मालकीच्या उतारावर जी मोठी झाडं उरली आहेत त्यांत हिरडाच जास्त दिसतो. ऐन, किंजळ, जांभूळ कोळशाला आणि सरपणाला गेले. हिरडा राहिला कारण तो उभा असताना पैसे देतो. जंगल वाढवायच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी हिरड्याच्या भावाकडे बघावं असं माझं स्पष्ट मत झालं आहे. भाव पडला की लोक उरलीसुरली फळं काठीने झोडपून काढतात, कोवळ्या फांद्या मोडतात आणि पुढच्या वर्षीचा बहर जातो. भाव बरा मिळाला तर झाडावर चढून हाताने तोडायला वेळ देणं परवडतं. शिवाय सगळाच बाळहिरडा काढला तर बी पिकणार कुठून? म्हणून या वाडीने काही झाडं बियाण्यासाठी राखून ठेवली आहेत. त्यांच्या खोडाला चुन्याचा पट्टा आहे, त्या झाडाला कोणी हात लावत नाही.

जाणाऱ्यांसाठी: अंगणातला हिरडा, नाचणी, वरई घरूनच विकत घ्या आणि घासाघीस करू नका. वाळवणावर चपला घालून जाऊ नका.

रविवार: माळीण, आहुपे आणि परत येणारं रान

आहुप्याच्या रस्त्यावरून माळीणला वळलो. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला आणि 151 माणसं गेली. रोजच्या एसटीचा चालक गाडी घेऊन आला तेव्हा त्याला गावच दिसलं नाही, आणि बाहेरच्या जगाला बातमी कळली ती त्याच्यामुळे. स्मारकावर नावं कोरलेली आहेत, एकाच घरातली नावं एकाखाली एक. आम्ही तिथे बसलो, कोणी काही बोललं नाही. वाचलेल्यांचं पुनर्वसन जवळच आमडे इथे झालं आहे.

त्या घटनेनंतर डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची खूप चर्चा झाली आणि त्या चर्चेत पडकईचंही नाव आलं. आदल्या दिवशी बांध पाहून आल्यामुळे मी गावातल्या एका दादांना सरळच विचारलं. ते चिडले नाहीत. हाताची पडकई आणि जेसीबीचं खाचर एक नव्हे, एवढं त्यांनी नीट समजावलं. माणूस दगड हाताने उचलतो तेव्हा तो उताराच्या कलाने जातो, झाड दिसलं तर वळसा घालतो, पाण्याची वाट मोकळी ठेवतो. यंत्र एका दिवसात डोंगराचा पायथा कापतं, झाडांची मुळं उपटून टाकतं आणि सैल माती तशीच उतारावर लोटून जातं. एवढ्या पावसात डोंगर सुटतो तेव्हा कारण एकच नसतं. उतार किती उभा, मातीचा थर किती जाड, खालचा खडक कसा, पाणी कुठून मुरतं, झाडोरा किती, सगळंच त्यात असतं. पण उभ्या उताराला यंत्र लावू नये आणि माथ्यावरचं रान तोडू नये, एवढं तरी पाळायलाच हवं. दादांच्या वाडीने ग्रामसभेत तसं ठरवलं आहे.

आहुपे अगदी घाटाच्या तोंडाशी. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण, समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. घोड नदीचा उगम याच परिसरातला. इथून निघालेलं पाणी डिंभ्यात येतं. वारा एवढा की बहिणीची ओढणी दोनदा उडाली.

गावाची भैरवनाथाची देवराई आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. पुण्यात बसून आपण जे देवराई-देवराई म्हणतो त्याला त्या कामाचा मोठा आधार आहे. आत शिरलो आणि मे महिना बाहेर राहिला. पायाखाली घोटाभर पाचोळा, खाली हात घातला तर ओल. गारंबीचे वेल झाडांवरून झाडांवर गेलेले, एक तर माझ्या मांडीएवढा जाड. वर शेकरूचं घरटं. थोड्या वेळाने शेकरूही दिसली, झुपकेदार शेपटी सोडून एका फांदीवरून दुसऱ्या झाडावर गेली. ती सहसा जमिनीवर उतरत नाही, त्यामुळे तिला फांदीला फांदी लागलेलं रान लागतं. मधे शंभर पावलं मोकळी झाली की तिचा रस्ता बंद. 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं ते मुख्यतः हिच्यासाठी. पण अभयारण्याच्या सीमेबाहेरच्या देवराया आणि गावांची राखीव रानं जोडली गेली नाहीत तर तिला जायला जागा कुठे?

देवराईतून वाळकी काटकीसुद्धा नेत नाहीत. आम्हाला वाट दाखवणाऱ्या आजीबाईंनी आत जाताना चपला काढल्या, आम्हीही काढल्या.

जे बघायला मी प्रामुख्याने आले होते ते दुपारी पाहिलं. वाटेतल्या एका गावाने आपल्या वरचा डोंगर राखायला घेतला आहे. ग्रामसभेत ठराव करून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. लागवड मोठ्या प्रमाणावर दिसेल असं मला वाटलं होतं, पण तिथल्या ताईंनी आधी मला बुंधे दाखवले. ऐन, जांभूळ, कुंभा, हिरडा यांची तोडलेली खोडं जमिनीत जिवंत असतात. गुरं खाणार नाहीत आणि वणवा लागणार नाही एवढं केलं तर दरवर्षी त्यांना फुटवे येतात. एका बुंध्याला सात-आठ फुटवे असतील तर सरळ, जोमदार असे दोन ठेवायचे आणि बाकीचे कापायचे. कापलेलं सरपणाला. जुन्या मुळाला जोर असतो, त्यामुळे नव्या रोपाला जे साधायला खूप वर्षं लागतात ते फुटव्याला दोन-तीन पावसाळ्यांत साधतं. खाली गुडघ्याएवढं खुरटलेलं झुडूप आणि कुंपणाच्या आत माझ्या डोक्यावरून गेलेला ऐन, दोन्ही एकाच वयाचे, मधे फक्त काट्यांची वई.

वणवा हा मोठा शत्रू. हिवाळा संपता संपता सगळं गाव मिळून डोंगराभोवती गवत कापून, पाचोळा ओढून जाळरेषा काढतं. आग बहुतेक वेळा माणसानेच लावलेली असते. कोणाला वाटतं जाळलं की गवत चांगलं येतं, कोणी मोहोळ काढताना धूर करून तसाच निघून जातो, कोणी पर्यटक चूल विझवत नाही. गुरांचं काय, हा प्रश्नही त्यांनी सोडवला आहे. बंद डोंगरात गुरं सोडायची नाहीत, पण गवत कापून न्यायला मोकळीक. त्यामुळे आधी चराईबंदीला विरोध करणारी गुराखी घरंही आता राखणीला येतात.

लागवड फक्त जिथे काहीच उरलेलं नाही तिथे. अंजनी, पिसा, पारजांभूळ, बेहडा, आवळा, उंबर आणि हिरडा. सगळं बी याच खोऱ्यातलं, देवराईच्या कडेला पडलेलं गोळा करून. ओढ्यांत हाताने रचलेले दगडी बंधारे, त्यांच्यामागे साठलेल्या मातीत कारवी आपोआप आली आहे. ही सात वर्षांनी फुलते, एरवी कोणी बघत नाही, पण उभ्या उताराची माती तिच्याइतकी कोणी धरत नाही.

एक गोष्ट ताईंनी ठणकावून सांगितली आणि ती मलाही पटली. दरवर्षी जुलैत शहरातून गाड्या भरून माणसं येतात, झाडं लावून, फोटो काढून जातात. पुढच्या मार्चमध्ये पाणी घालायला, आग विझवायला कोणी नसतं. "झाड लावायला येऊ नका, राखायला या. फेब्रुवारीत जाळरेषेला माणसं कमी पडतात."

संध्याकाळी वळीव आला. आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब. अख्ख्या वाडीने धावत हिरडा गोळा केला, आम्हीही ताडपत्री धरली. तासाभरात ओसरला आणि रात्री गारवा असा की गोधडी लागली.

सोमवार: राब, टोकण आणि परतीची वाट

सकाळी निघण्याआधी भाच्याला राब बघायचा होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, ऐनाच्या फांद्या आणि पाचोळ्याचे थर रचतात आणि जाळतात. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. फायदा खरा आहे, म्हणून ही पद्धत टिकली. पण त्यासाठी दरवर्षी झाडं ओरबाडली जातात, आणि ज्या ऐनाच्या फांद्या दरवर्षी उतरवल्या त्याला कधी फूल-बी धरत नाही.

शेजारच्या शेतकऱ्याने तीन वर्षांपासून राब बंद केला आहे. त्याने नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) ही भाताची पद्धत घेतली. एकदाच गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटरवर छिद्रं पाडून भात टोकायचा. चिखलणी नाही, लावणी नाही, रोपवाटिकाच नाही तर राब कशाला? कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, ती कुजून गांडुळं वाढतात. त्याच वाफ्यावर नंतर वाल किंवा हरभरा. त्याने वाफा उकरून दाखवला तर आत मुळांच्या जागी बारीक नळ्यांची जाळी झालेली. पहिल्या वर्षी तणाने त्याला फार त्रास दिला आणि बायको रागावली होती, हेही त्याने लपवलं नाही. शेजारी अजून बघताहेत. दुसऱ्या बांधावर चारसूत्री नावाच्या पद्धतीने भात करणारा आहे. तो राबाऐवजी तुसाची राख घालतो आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडतो. गिरिपुष्प बाहेरचं झाड आहे, बांधावर उपयोगाचं. डोंगरावर मात्र ते नको, यावर तिथे सगळ्यांचं एकमत दिसलं.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याच्या वाकडेवाडी स्थानकातून घोडेगाव आणि भीमाशंकरच्या एसटी मिळतात. आहुप्याकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या, म्हणून वेळ आधी विचारून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये या रस्त्यावर दरडी येतात, त्या दिवसांत घाटमाथ्यावर मुक्काम टाळा. भाताची खाचरं आणि खुरासणीची फुलं बघायची तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम. काजव्यांसाठी जाणार असाल तर झाडांवर टॉर्च मारू नका आणि गाड्यांचे दिवे बंद ठेवा.

निघताना डोंगरावरच्या लागवडीसाठी रोपं करणाऱ्या रोपवाटिकेतल्या ताईंना विचारलं, पुण्याहून काय पाठवू? मला वाटलं बी मागतील. त्या म्हणाल्या, शहरातलं बी नको, कुठल्या झाडाचं ते कळत नाही. रोपांसाठी रिकाम्या पिशव्या पाठवा. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आवळ्याला चालते, हिरड्याला नाही. त्याचं बी कठीण, शेणकाल्यात भिजवून टाकलं तरी रुजायला महिने घेतं, आणि सोटमूळ सरळ खाली जातं, पिशवी आखूड असली की तळाशी गोल फिरतं. त्याला तेलाची लिटरची पिशवी लागते. एका बाजूने सरळ कापलेली, साबणाने धुतलेली, वाळवलेली. तळाला आम्ही भोकं पाडतो, तुम्ही पाडू नका, असंही बजावलं. आमच्या सोसायटीत आता जिन्याखाली त्यासाठी पोतं ठेवलं आहे. पाऊस लागायच्या आत पहिला गठ्ठा घोडेगावच्या एसटीने जाईल.